वाणात आलेलं बीट

मी बीट बोलतोय. खरं सांगायचं तर अर्धं बीट. माझा दुसरा अर्धा भाग कुठे गेला ते पुढे कळेलच. त्याची काळजी करू नका, तो चांगल्या घरी पडला आहे.

सध्या माझा मुक्काम झाशीतल्या एका फ्रिजमध्ये, एका लहानशा स्टीलच्या डब्यात आहे. मागे लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि पुढे दह्याचं भांडं. झाकण नीट लागत नाही, त्यामुळे फटीतून थोडं दिसतं. फ्रिजचं दार उघडलं की दिवा लागतो, तेवढ्यात मी बाहेर बघून घेतो. दार बंद झालं की विचार करतो. अंधाराचं मला काही वाटत नाही. आम्हा बीटांचं बालपण अंधारातच जातं.

माझा जन्म बबीनाजवळच्या एका शेतात झाला. बबीना म्हणजे लष्कराची छावणी. सरावाच्या दिवशी लांबवर तोफा उडायच्या आणि आमच्या भोवतीची माती थरथरायची. शेजारच्या वाफ्यातले मुळे घाबरून आणखी खोल जायचे. ते इतके लांब का होतात, ते मला तेव्हा कळलं. मी मात्र प्रत्येक आवाजाला छाती फुगवायचो. बीटाला छातीशिवाय दुसरं काही नसतंच, त्यामुळे मी खूपच फुगलो.

मी सैनिक होणार, हे तेव्हाच ठरलं होतं. गणवेश तर आतून तयारच होता, लालभडक.

एके दिवशी शेतमालकिणीने माझी पानं धरून मला बाहेर ओढलं आणि ओरडली, "हाय दैया! जौ तो मोड़ा के मूड़ बराबर है!" म्हणजे मी पोराच्या डोक्याएवढा आहे. माझं हे पहिलं कौतुक. ते मी अजून विसरलेलो नाही.

तिथून मी इलाइट चौराह्यावरच्या एका ठेल्यावर आलो. ठेलेवाला अधूनमधून आमच्यावर पाणी शिंपडायचा आणि आमच्या हिंदी नावाने ओरडायचा, "चुकंदर ले लो, चुकंदर! खून बढ़ाए!" लोक मला उचलायचे, वजन बघायचे, "बहुत बड़ा है" म्हणायचे आणि परत ठेवायचे. माणसांना मोठं बीट उचलून बघायला आवडतं, न्यायला आवडत नाही.

मग अंबिकावहिनी आल्या. त्या सिविल लाइन्समध्ये राहतात. त्यांच्या एका हातात स्कूटीची किल्ली आणि दुसऱ्या हातात मोबाइल असतो, आणि त्या मोबाइलमध्ये जगातलं सगळं ज्ञान असतं.

"भैया, ये ताज़ा है ना? दवाई के लिए चाहिए."

"दवाई तो मेडिकल पे मिलेगी, बहनजी."

"अरे, इसमें अँटिऑक्सिडंट होता है! इससे कैंसर की कोशिकाएँ मर जाती हैं. विदेश में काँच की तश्तरी में करके देखा है."

ठेलेवाल्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. मग म्हणाला, "तब तो बहनजी, भाव भी दवाई का लगेगा."

आदर वाढला की भावही वाढतो, हे मी त्या दिवशी शिकलो. पण खरं सांगतो, माझं लक्ष भावाकडे नव्हतंच. माझ्या कानात एकच वाक्य घुमत होतं. मी कर्करोगाच्या पेशी मारतो! मी! इतके दिवस मी नुसता फुगत होतो, आता मला शत्रू मिळाला होता.

पिशवीत असताना पुढची माहिती मिळाली. अंबिकावहिनी स्कूटी थांबवून कोणाला तरी फोनवर समजावत होत्या, "अगं, लोखंडाला गंज चढतो ना, तसाच शरीरातल्या पेशींना पण चढतो. भाज्या-फळांतली ही द्रव्यं तो गंज रोखतात. बीटात तर ठासून भरलेली असतात. मी कुसुमकाकूंना नेऊन देणार आहे. पण तू कोणाला सांगू नकोस हं."

कुसुमकाकूंबद्दल सांगायला हवं. झाशीतल्या मराठी बायकांचं सर्वोच्च न्यायालय म्हणजे कुसुमकाकू. आधी हळद की आधी कुंकू, गौरीच्या नैवेद्याला काय चालतं आणि काय चालत नाही, असले सगळे निकाल त्यांच्याकडून यायचे. दिवाळीनंतर त्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं कळलं. ऑपरेशन झालं, आणि आता थोड्या थोड्या दिवसांनी इस्पितळात जाऊन त्यांना सलाईनमधून एक लालभडक औषध घ्यावं लागतं. त्या औषधाचा रंग हुबेहूब माझ्यासारखा आहे असं ऐकून मला फारच अभिमान वाटला होता.

आता अडचण अशी होती की कुसुमकाकूंना बीट आवडत नाही. "मातीची चव येते," असं त्या म्हणायच्या. चूक नव्हतं. पण अंबिकावहिनींनी एक युक्ती काढली होती, आणि ती समजायला थोडं मागे जावं लागेल.

अंबिकावहिनी नवीन लग्न होऊन झाशीत आल्या, तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुसुमकाकूंनी वाण म्हणून प्लास्टिकच्या साबणदाण्या लुटल्या होत्या. अंबिकावहिनी साधेपणाने म्हणाल्या, "मला नको, घरी आहेत." सगळ्या बायकांच्या माना वळल्या. कुसुमकाकू म्हणाल्या, "सूनबाई, वाणाला नाही म्हणायचं नसतं. वाण म्हणजे वस्तू नव्हे. मान असतो तो." ती साबणदाणी अंबिकावहिनींकडे अजून आहे. त्या तिच्यातच साबण ठेवतात.

तर संक्रांत झाली आणि अंबिकावहिनींनी मला धुतलं, पुसलं, कपाळावर हळदीकुंकू लावलं (माझं कपाळ नेमकं कुठे ते त्यांनीच ठरवलं), शेजारी तिळगुळाची पुडी ठेवली आणि ताटात घालून कुसुमकाकूंच्या ओसरीवर नेलं. तोंडावर मास्क लावून त्या लांबच उभ्या राहिल्या, कारण काकूंना सर्दी-पडसं लागू द्यायचं नव्हतं.

कुसुमकाकू बाहेर आल्या. डोक्याला सुती रुमाल, अंगावर शाल, गालांची हाडं वर आलेली. डोळे मात्र जसेच्या तसे, सर्वोच्च न्यायालयाचे.

"अंबिके, हे काय?"

"वाण आहे, काकू."

"हे बीट आहे."

"बीटाचं वाण आहे."

"बीट कोणी वाण देतं का गं?"

"संक्रांतीला बोरं, गाजर, ऊस देतोच ना? बीट गाजराच्या शेजारीच तर असतं." अंबिकावहिनींनी श्वास घेतला. "आणि वाणाला नाही म्हणायचं नसतं, काकू."

कुसुमकाकूंनी शाल सारखी केली. शेवटी कुसुमकाकूंनी हात पुढे केले आणि कोर्टाची नोटीस घ्यावी तसं मला घेतलं.

मला वाटलं, आता लढाई सुरू!

पण अंबिकावहिनींनी फोनवर जिला "कोणाला सांगू नकोस" म्हटलं होतं, तिनेही तेच म्हणत सगळ्यांना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर बीटांची रांग लागली. प्रत्येकीचं वाण, प्रत्येकीचं हळदीकुंकू. फ्रिजचा भाजीचा कप्पा भरला, मग दाराचा, मग अंड्यांचा, जिथे या घरात लिंबं ठेवतात. बघता बघता माझी पलटण उभी राहिली.

एकीने बीट न आणता औषधी गोळ्यांची बाटली आणली. तिच्यावर बीटाचं चित्र होतं. ती आली तीच मोठ्या आवाजात बोलत, "मी पाचशे बीटांचा अर्क! एका गोळीत अख्खं शेत!"

"मग ती पाचशे बीटं कुठे आहेत?" मी विचारलं.

बाटलीने स्वतःचं लेबल पुन्हा वाचलं. तिच्यावर ते लिहिलेलं नव्हतं.

बायकांनी वाणाबरोबर सल्लेही दिले होते. एकीने सांगितलं साखर बंद, दुसरीने तांदूळ बंद, तिसरीने दूध-दही बंद, चौथीने तूप बंद. कुसुमकाकूंची सून स्वरदा बँकेत नोकरी करते आणि स्वभावाने सगळ्यांचं ऐकणारी आहे. तिने ते सगळं मान्य केलं. तेव्हा खाण्यासारखं उरलं काय? आम्ही. रोज सकाळी मिक्सर घरघरायचा आणि पलटणीतला एक जवान धारातीर्थी पडायचा. संध्याकाळी दुसरा. मी मिक्सरच्या भांड्याला फार मोठा, म्हणून मागे राहिलो.

"आई, पिऊन घ्या ना. बस एवढंच," स्वरदा म्हणायची. ती झाशीतच वाढलेली, तिच्या मराठीला हिंदीची फोडणी असते.

"ठेव तिथे. पिते," कुसुमकाकू म्हणायच्या.

स्वरदा बँकेत गेली की काकू हाक मारायच्या, "अहो, ऐकलंत का?"

मग नारायणराव यायचे. कुसुमकाकूंचे यजमान. आयुष्यभर मालगाडीवर गार्ड होते. शेवटच्या डब्यात एकटं बसून हिरवा बावटा नाहीतर लाल बावटा दाखवायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे ते बोलतात कमी आणि हात जास्त हलवतात.

"घ्या," काकू फुलपात्र पुढे करायच्या.

"अगं, पण हे तुझं—"

"वाण घ्यायचं असतं. मी घेतलं. प्यायचं कोणी, ते शास्त्रात लिहिलेलं नाही."

"तुला बरं वाटावं म्हणून दिलंय गं त्यांनी."

"तोंडात दिवसरात्र लोखंडाचा चमचा धरल्यासारखी चव आहे माझ्या. त्यात ही माती. बघूनच उलटी येते हो."

नारायणरावांनी पहिल्या दिवशी फुलपात्राकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं. "तुझ्या सुया काही मला टोचून घेता येत नाहीत," ते म्हणाले, "रस तरी पितो." आणि घटाघटा प्यायले.

हे सगळं मी दाराच्या फटीतून ऐकत होतो आणि माझा नुसता जळफळाट होत होता. शत्रू कुठे, आणि आमची पलटण उतरतेय कुठे! नारायणरावांना काहीही झालेलं नव्हतं. त्यांच्या पोटात लढायचं कोणाशी? वरणाशी?

इकडे कुसुमकाकू दिवसभरात दोन घास खायच्या आणि ताट सारायच्या. त्यांच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

मग पुढच्या औषधाआधीची तपासणी आली. स्वरदाने त्या दिवशी रजा घेतली होती. सकाळी सकाळी न्हाणीघरातून नारायणरावांची आरोळी आली. कमी बोलणारा माणूस ओरडला की घर हादरतं.

"अगं! अगं, लाल!"

"काय लाल?"

"लाल! सगळं लाल!" दार उघडून ते बाहेर आले. चेहरा पांढराफटक. "लघवी लाल झाली."

कुसुमकाकू पटकन उठल्या. त्यांना त्यांच्या औषधानंतर एक दिवस तसंच व्हायचं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, औषधाचा रंग आहे, घाबरू नका. त्यामुळे नारायणराव त्यांच्याकडे बघून म्हणाले, "अगं, तुझं औषध मला कसं चढलं?"

"औषध काय पडसं आहे का, असं लागायला!"

"मग हे काय? आयुष्यभर लाल दिसलं की गाडी थांबवलीय मी. आता माझीच थांबायची वेळ आली."

"काहीतरी बोलू नका!" असं काकू ओरडल्या खऱ्या, पण चपला शोधायलाही लागल्या. स्वरदाने धावत जाऊन ऑटो बोलावली. एरवी काकूंना धरून चालवावं लागायचं. त्या दिवशी काकूच नारायणरावांचा दंड धरून पुढे चालत होत्या.

निघताना स्वरदाने फ्रिज उघडला आणि मला व गोळ्यांच्या बाटलीला पिशवीत टाकलं. हे सगळं द्यायचं की नाही, ते तिला डॉक्टरांना विचारायचं होतं. अशा रीतीने, पिशवीच्या तोंडातून बाहेर डोकावत, मी आघाडीवर निघालो.

डॉक्टर दिशा ग्वाल्हेरच्या मराठी घरातल्या. वयाने लहान, केसांचा घट्ट अंबाडा, बोलणं मऊ. त्यांनी आधी नारायणरावांना बसवलं.

"काका, दुखतंय कुठे? जळजळ?"

"नाही."

"काल काय खाल्लंत?"

"दोन पोळ्या. वरण. दुधीची भाजी."

"आणि?"

नारायणरावांनी बायकोकडे बघितलं. बायकोने छताच्या पंख्याकडे बघितलं.

"आणि रस."

"कसला रस?"

"बीटाचा. फुलपात्रभर. म्हणजे सकाळी फुलपात्रभर. संध्याकाळी पण."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

डॉक्टरांनी तरीही तपासणी करून घेतली. रक्त नव्हतं, बीट होतं. काही जणांना बीट जास्त झालं की तो रंग तसाच बाहेर येतो. कोणाला लगेच येतो, कोणाला उशिरा, कोणाला येतच नाही. रिपोर्ट वाचताना डॉक्टर ओठ दाबून हसू आवरत होत्या. नारायणरावांनी नकळत हात वर करून हिरवा बावटा हलवल्यासारखं केलं.

स्वरदाच्या डोक्यात मात्र आता उजेड पडला होता. "आई! म्हणजे तुम्ही एक पण दिवस नाही प्यायलात?"

"वाण मी घेतलं होतं," कुसुमकाकू म्हणाल्या.

मग काकू वजनकाट्यावर उभ्या राहिल्या, आणि डॉक्टरांचं हसू गेलं.

"काकू, मग तुम्ही खाता काय?"

"सल्ले," काकू म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ."

डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या. "काकू, वजन बरंच उतरलंय. अशा अंगाला पुढचा डोस झेपणार नाही. मला तो पुढे ढकलावा लागेल, आणि मला तो ढकलायचा नाहीये. औषध वेळेवर गेलं तरच त्याचा पूर्ण उपयोग. मी सोमवारपर्यंत वाट बघते. तोवर वजन उतरायचं थांबलं पाहिजे."

कुसुमकाकूंनी मान खाली घातली. सर्वोच्च न्यायालयाला दुसऱ्याचा निकाल ऐकून घेताना मी पहिल्यांदाच बघितलं. शालीच्या आत त्या केवढ्याशा दिसत होत्या.

स्वरदा रडवेली झाली होती. तिने पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवलं आणि शेजारी बाटली. "डॉक्टर, हे तर कॅन्सरच्या सेल्सना मारतं ना? सगळे सांगत होते. मी जबरदस्ती पाजायला हवं होतं का?"

माझा क्षण आला होता. मी छाती फुगवली.

डॉक्टरांनी मला हातात घेतलं, वळवून बघितलं. "केवढं मोठं आहे," त्या म्हणाल्या. सुरुवात चांगली झाली. मग म्हणाल्या, "काचेच्या बशीत मारतं, ते खरं आहे. पण काचेच्या बशीत, स्वरदा, पेशी मारणं फार सोपं असतं. मीठ ओतलं तरी मरतात, उकळतं पाणी ओतलं तरी मरतात. माणूस म्हणजे बशी नाही. बीट खाल्लं की ते पोटात जातं, पचतं, त्यातला थोडासाच भाग रक्तात उतरतो. बशीत ओततात तेवढा तर नाहीच."

मी थोडा आकसलो. पण खरा मार पुढे होता.

"आणि या गोळ्या," त्यांनी बाटली उचलली, "या तर आता बिलकुल नकोत. अँटिऑक्सिडंट पेशींना वाचवतं, बरोबर. पण ते ओळख विचारत नाही. चांगल्या पेशींना वाचवेल, तसं कर्करोगाच्या पेशींनाही वाचवू शकेल. आपलं लाल औषध त्यांच्यावर जो मारा करतं, त्याच्या आड हे येऊ शकतं. गोळ्यांतून भरमसाट घेतलं तर ती भीती जास्त."

बाटलीवरचं बीटाचं चित्र एकदम फिकं दिसायला लागलं.

आणि मी? तोफांच्या आवाजात वाढलेला, कपाळाला कुंकू लावून रणात उतरलेला मी, उद्या शत्रूलाच ढाल नेऊन देणार होतो! मला जमिनीखाली परत जावंसं वाटलं. मुळ्यांपेक्षाही खोल.

"मग हे फेकून देऊ?" स्वरदाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"का बरं? बीटाने काय केलंय?" डॉक्टर म्हणाल्या. हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. "भाजी म्हणून खा ना! नीट धुवून, शिजवून, जेवणात थोडंसं. कच्चा रस मात्र आता नको, काकूंची प्रतिकारशक्ती कमी झालीय. आणि भात, वरण, तूप, घरचं ताजं दही, पनीर, शेंगदाणे, काही बंद करायचं नाही. काकू, तुम्हाला काय खावंसं वाटतं?"

काकूंनी खूप विचार केला. "आंबट काहीतरी," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी स्वरदाने सुरी काढली. मी डोळे मिटले असते, पण मला डोळे नाहीत. माझे दोन भाग झाले. एक तिने डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला, तोच तुमच्याशी बोलतोय. दुसरा कुकरमध्ये गेला. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आणि बबीनात वाढलेला असल्यामुळे मी ती तोफांची सलामीच समजलो.

पुढचं मी फ्रिजचं दार उघडं राहिलं म्हणून बघू शकलो. त्या शिजलेल्या बीटाचे बारीक तुकडे, त्यावर दही, दाण्याचं कूट, चिमूटभर साखर, आणि वरून तूप-जिऱ्याची चर्र करणारी फोडणी. ती कोशिंबीर स्वरदाने काकूंच्या मऊ भाताशेजारी वाढली. काकूंनी नाइलाजाने थोडी कालवली. भात गुलाबी झाला. अगदी भडक, लग्नातल्या फेट्यासारखा.

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "हा भात बघा. लाजलाय."

नारायणराव हसले. स्वरदा हसली. काकूही हसल्या, आणि हसता हसता घास तोंडात गेला. मग त्या थांबल्या. जीभ टाळ्याला लावून बघितली.

"चमचा गेला," त्या म्हणाल्या.

"कुठला चमचा, आई?"

"तोंडातला. आंबटाने लोखंडाची चव जरा लपली बघ." आणि त्यांनी ताट पुढे केलं. "वाढ आणखी थोडा."

माझ्या त्या अर्ध्या भागाने कोणालाही मारलं नाही. त्याने फक्त भात गुलाबी केला. पण स्वरदा पदराने डोळे पुसत ज्या तऱ्हेने भात वाढत होती, ते बघून मला वाटलं, झालं, एवढंच काम होतं आपलं.

त्यानंतर रोज दुपारी गुलाबी भात झाला. माझे भाऊबंद त्याच्या कामी आले. वरणावर तूप आलं, दुधात खजूर आला, नारायणराव स्वतः तिळाचे लाडू वळायला बसले आणि ते लिंबापासून नारळापर्यंत सगळ्या आकारांचे झाले.

दरम्यान रथसप्तमी आली, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. कुसुमकाकूंनी जाहीर केलं, "मी वाण लुटणार." ओसरीवर खुर्ची टाकून, मास्क लावून त्या बसल्या. बायका अंगणात लांब लांब उभ्या. स्वरदाने सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, आणि काकूंच्या खुणेबरोबर ताट फिरवलं. ताटात बीटं होती. धुतलेली, कुंकू लावलेली.

"काकू, हे तर आम्हीच—" अंबिकावहिनींच्या तोंडून निघालं.

"वाण आहे, अंबिके."

मग मागून कोणीतरी फिस्कन हसलं, आणि मग सगळ्याच. अंबिकावहिनींनी हात पुढे करून बीट घेतलं.

"कोशिंबीर कर त्याची," काकू म्हणाल्या. "औषध नाहीये ते. तुपाची फोडणी घाल."

अंबिकावहिनींचं हसू एकदम ओसरलं. "काकू, मला भीती वाटत होती हो. दुसरं काय करावं तेच कळत नव्हतं."

काकूंनी मास्क नीट केला. "मग पुढच्या वेळी काही आणू नकोस," त्या म्हणाल्या. "मोबाइल घरी ठेव, इथे अंगणात खुर्ची टाकून बस, आणि कोणाच्या सुनेचं काय चाललंय ते सांग. दोन घास जास्त जातील."

तेव्हापासून अंबिकावहिनी रोज जेवणाच्या वेळी येतात. झाशीत कोणाच्या घरी काय चाललंय ते आता मलाही सगळं माहीत आहे, पण मी सांगणार नाही.

या सगळ्या गडबडीत मला मात्र सगळे विसरले. माझ्यापुढे दह्याचं भांडं आलं आणि मी मागे गेलो. गोळ्यांच्या बाटलीचंही नशीब बदललं. गोळ्या गेल्या, पण "वाणाची बाटली टाकायची नसते" म्हणून काकूंनी तिच्यात नारायणरावांच्या शर्टाची बटणं भरून ठेवली. फ्रिजसमोरच्या फळीवर ती बसलेली दिसते. अजूनही म्हणते, "पाचशे बटणांचा अर्क!"

एकटा पडून मी खूप विचार केला. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. आम्हाला सैनिक करू नका, डॉक्टर करू नका. बीट, आवळा, डाळिंब, हळद, आम्ही सगळे साधे जेवणातले लोक आहोत. थोडे थोडे, सगळ्यांबरोबर, पानात वाढा. औषध द्यायचं काम ज्यांचं आहे त्यांना करू द्या. आणि आजारी माणसाला विचारा, तुला काय खावंसं वाटतं? हा प्रश्न कुठल्याही बाटलीत मिळत नाही.

काल सोमवार होता. काकूंचं वजन उतरायचं थांबलं, उलट किंचित वर चढलं. म्हणून आज औषध आहे. आत्ताच सगळे इस्पितळात निघालेत. बाहेर ऑटो उभी आहे, नारायणराव दारात उभे राहून हिरवा बावटा दाखवल्यासारखा हात हलवत असणार.

आणि अचानक फ्रिजचा दिवा लागला. स्वरदा पाण्याची बाटली घ्यायला आली होती. दह्याचं भांडं सरकलं, डब्याचं झाकण निघालं.

"आई, हे अर्धं बीट राहूनच गेलं बघा. वरून सुकलंय. फेकून देऊ?"

बाहेर चपला घालण्याचा आवाज थांबला. मी श्वास रोखला.

"नको," कुसुमकाकूंचा आवाज आला. "सुकलेला काप काढून टाक वरचा. शिजवून ठेव संध्याकाळी. उद्या भाताबरोबर खाईन."

"वाण आहे म्हणून?" स्वरदाने हसत विचारलं.

"छे गं," काकू म्हणाल्या. "आवडायला लागलंय म्हणून."

दार बंद झालं. दिवा विझला. अंधारात मी पुन्हा छाती फुगवली. अर्धीच उरली आहे, पण उद्याच्या भाताला तेवढी पुष्कळ झाली.